आधी जपा, मग कापा

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकच्या दिशेने निघाले की पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव येते. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी हौसेने पिक्चर काढायला सुरुवात केली. त्यांचा ‘मालेगाव के शोले’ २००० सालचा. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून त्याचे संकलन झाले होते. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख त्यात सुपरमॅन झाले आणि मागे हिरवे कापड लावून, संगणकाच्या मदतीने, मालेगावच्या आभाळात उडाले. या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो देशोदेशी दाखवला गेला आणि २०१२ मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागला. शफीक शेख त्याआधीच, २०११ मध्ये, कर्करोगाने गेले होते. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीला ही नावे कळली.

माहितीपट आणि नवा चित्रपट जपायला त्यांच्या पाठीशी संस्था आहेत. खुद्द मालेगावचे व्हिडिओ पिक्चर, त्यांच्या आगेमागे निघालेल्या विनोदी व्हीसीडी, अहिराणी गाण्यांच्या डिस्का, दूरदर्शनवरून घरी टेप करून ठेवलेले ‘इंद्रधनुष’ किंवा ‘स्पेस सिटी सिग्मा’चे भाग, ‘मिस्टर इंडिया’ची भाड्याच्या लायब्ररीतून आलेली आणि परत करायची राहून गेलेली कॅसेट यांच्यामागे मात्र कोणी नाही. त्या आहेत जळगाव-धुळ्याच्या घरांत, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, बंद पडलेल्या सीडीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. त्या चालवणारे यंत्रही आता बनत नाही. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज जे डेक, म्हणजे व्हीसीआर, चालू आहेत तेवढेच उरले आहेत. म्हणून कॅसेटी माळ्यावरून उतरवायच्या कशा, त्यांची नक्कल काढायची कशी आणि हौस असेल तर त्यांचे नवे संकलन करायचे कसे, हे नीट क्रमाने सांगतो.

घरच्या प्रतीची किंमत

घरातल्या एका प्रतीने काय होणार, असे वाटत असेल तर ‘मेट्रोपोलिस’ची हकिकत ऐका. फ्रिट्झ लांग यांचा हा विज्ञानपट १९२७ सालचा. प्रदर्शनानंतर लवकरच वितरकांनी तो कापून लहान केला, आणि कापलेला भाग कायमचा गेला असे पुढची ऐंशी वर्षे जग धरून चालले होते. २००८ मध्ये अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयरेस इथल्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण लांबीची १६ मिलिमीटरची प्रत निघाली. तिचे मूळ एका चित्रपट समीक्षकाच्या खासगी संग्रहात होते. तिच्यातून सुमारे पंचवीस मिनिटे परत मिळाली आणि २०१० मध्ये बर्लिनच्या महोत्सवात चित्रपट पुन्हा उभा राहिला. पण १६ मिलिमीटरची नक्कल काढताना मूळ फीत नीट स्वच्छ केलेली नव्हती. जुन्या प्रतीवरचे ओरखडे नव्या प्रतीत चित्राचाच भाग होऊन बसले, आणि आजच्या संगणकांनाही ते पूर्ण काढता आले नाहीत. एका माणसाच्या हौसेने चित्रपट वाचला आणि दुसऱ्याच्या घाईने तो कायमचा खरवडला गेला. पुढे सांगितलेली प्रत्येक खबरदारी या उदाहरणातून पटेल.

बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांतले अनेक भाग पुसून टाकले. त्यांतल्या हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज मात्र आज ऐकायला मिळतो, कारण तेव्हाच्या चाहत्यांनी घरी टीव्हीला टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. ‘सुपरमॅन’च्या दुसऱ्या भागातले चित्रपटगृहात न दिसलेले काही प्रसंग अमेरिकेत टीव्हीवर दाखवले गेले आणि घरोघरच्या कॅसेटींवर राहिले. म्हणून टीव्हीवरून टेप केलेली कॅसेट जाहिरातींनी भरलेली आहे म्हणून फेकू नका. जाहिराती, निवेदिकेचे शब्द, मध्येच आलेल्या बातम्या या सगळ्यांवरून ते प्रक्षेपण कधीचे हे कळते.

‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनी या कामाची रीत घालून दिली. १९७७ चा हा चित्रपट जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये नव्या संगणकीय दृश्यांसह पुन्हा आणला, २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल केले. १९७७ चे रूप २००६ मध्ये डीव्हीडीबरोबर जोडडिस्क म्हणून मिळाले, पण तेही लेझरडिस्कच्या काळातल्या जुन्या मास्टरवरून काढलेले. याच लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली होती, हे चाहते विसरले नाहीत. चेक प्रजासत्ताकातल्या पेत्र हार्माचेक यांनी निरनिराळ्या प्रतींतले तुकडे फ्रेमला फ्रेम जुळवून मूळ रूप उभे केले. त्याला ‘डीस्पेशलाइज्ड एडिशन’ म्हणतात. दुसऱ्या एका गटाने चित्रपटगृहातली जुनी ३५ मिलिमीटरची प्रिंटच मिळवून ती स्कॅन केली. तिचे नाव ‘४के७७’. तिसऱ्या प्रकारचे काम म्हणजे ‘द फँटम एडिट’. एका चाहत्याने १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मधली सुमारे अठरा मिनिटे कापून स्वतःच्या आवडीचा चित्रपट बनवला.

पहिली दोन कामे जतनाची, तिसरे फेरसंकलनाचे. दोन्हींना माझा मनापासून पाठिंबा आहे, पण त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. आधी मूळ जसे आहे तसे, रेघा आणि खरखरीसकट उतरवून बाजूला ठेवा. कात्री त्यानंतर.

खान्देशाला हे काम परके नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांचे दप्तर त्यांच्यामागे धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी हस्तलिखिते मिळवून धुळ्यातच ठेवली. कवयित्री बहिणाबाईंची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी टिपून ठेवली होती म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघू शकले. कॅसेटींचे काम त्याच वाटेवरचे आहे, आणि यात मूळ वस्तू कागदापेक्षा कितीतरी लवकर मरते.

माळ्यावरून उतरवताना

कॅसेटमधली पट्टी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर चिकटद्रव्याने बसवलेली चुंबकी भुकटी. उष्णतेने फीत ताणली जाते, दमट हवेने चिकटद्रव्य सैल होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत काय होत असेल, याचा अंदाज करा. कॅसेटी आधी तळमजल्यावरच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीच्या कपाटात आणा. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. स्पीकर, मिक्सर, इन्व्हर्टर यांच्याजवळ नकोत. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. बाहेर काढल्यावर पट्टीवर पाणी धरते.

मग प्रत्येक कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी डेकमधल्या पट्टी वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळी ठेवा, आणि तिच्यावर काही दुर्मीळ असेल तर जाणकाराकडेच द्या.

बाकीच्या कॅसेटींची पाठीमागची छोटी प्लॅस्टिकची टॅब तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. वर्षानुवर्षे न चाललेली कॅसेट थेट ‘प्ले’ करू नका. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. खोके फुटले असेल तर खालचे पाच स्क्रू काढून रिळे दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात. हात धुऊन करा, पट्टीला बोट लावू नका. पट्टी तुटली असेल तर ती जोडायची खास चिकटपट्टी मिळते, ती चुंबकी थर नसलेल्या बाजूने लावायची. कपाटातला साधा सेलोटेप चालत नाही. त्याचा गोंद गरमीत पाझरतो आणि हेडवर बसतो.

आधी कोणती कॅसेट घ्यायची? ज्याची दुसरी प्रत जगात असण्याची शक्यता सगळ्यात कमी, ती. गावातल्या पोरांनी काढलेला पिक्चर, गॅदरिंगमधले विज्ञाननाट्य, मालेगावचे व्हिडिओपट पहिले. टीव्हीवरून टेप केलेले त्यानंतर. मग जुनी हिंदी डबिंग. ‘ज्युरासिक पार्क’ आपल्याकडे १९९४ मध्ये हिंदीत आला, त्यानंतर परदेशी विज्ञानपट हिंदीत पाहण्याची सवय लागली. त्या काळी कॅसेटवर किंवा केबलवर ऐकलेला आवाजच आजच्या डिस्कवर असेल असे नाही. चित्र ब्लू-रेवर उत्तम मिळते, पण तो आवाज फक्त तुमच्या कॅसेटवर असू शकतो. ज्या इंग्रजी चित्रपटांची चांगली डिस्क बाजारात आहे, त्यांच्या कॅसेटी सगळ्यात शेवटी घ्या.

डेक कुठे मिळेल

ज्यांनी १९९० च्या आसपास लग्नाची शूटिंग केली त्या व्हिडिओवाल्यांकडे. अमळनेर, चोपडा, शिरपूर, पाचोरा, साक्री, तालुक्याच्या कुठल्याही गावात असा एखादा स्टुडिओ सापडतोच. त्यांच्याकडे खांद्यावरचे कॅमेरे, दोन-दोन डेक, मिक्सर पडून आहेत. मुख्य म्हणजे हात बसलेला आहे. ट्रॅकिंग कधी आणि किती फिरवायचे हे त्यांना पाहताक्षणी कळते. त्यांना मानधन द्या, त्यांच्याकडून शिका. जुन्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातही डेक मिळतो, पण आधी बिनकामाची कॅसेट घालून बघा. पट्टीच्या कडा दुमडत असतील तर आतले रबरी रोलर किंवा बेल्ट गेले आहेत. ते बदलल्याशिवाय चांगली कॅसेट त्यात घालू नये. शक्य असेल तर चार हेडचा डेक घ्या, आणि एस-व्हिडिओची जोडणी असेल तर पिवळ्या पिनऐवजी ती वापरा.

हेड साफ करायला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे मऊ कापड किंवा चामडे घ्या. कान साफ करायची काडी वापरू नका, तिचा कापूस हेडमध्ये अडकतो. कापड ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. कापड वर-खाली घासले तर हेड तुटते. एकदा तुटलेले हेड बदलून मिळणे आता फार कठीण आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी पद्धतीची असते, आपली पाल. ती वाचणारा डेक लागेल आणि संगणकावरचे सेटिंगही बदलावे लागेल.

संगणकावर उतरवणे

मोबाइल धरून टीव्हीचा पडदा शूट करणे म्हणजे जतन नव्हे. डेकमधून संगणकात सिग्नल घेणारे यूएसबी उपकरण ऑनलाइन मिळते. सगळ्यात स्वस्त उपकरणांत रंग आणि आवाज दोन्ही घसरतात, म्हणून थोडे बरे घ्या. पालचे माप ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डची बनलेली. हे तसेच ठेवा. कॅप्चर करताना डीइंटरलेस करू नका, म्हणजे ही फील्ड एकत्र करू नका, कडा कापू नका, तळाशी थरथरणारी पट्टी दिसते तीही राहू द्या, रंग उजळवू नका. ही सगळी कामे नंतर नकलेवर करता येतात. मास्टरमधून एकदा काढलेले परत येत नाही.

फाइल तोटा न होणाऱ्या पद्धतीने साठवा. एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्ही या मोफत पद्धती आहेत. तासाला साधारण २५ ते ३५ जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला शंभर जीबीच्या आसपास. संगणक जुना आणि मंद असेल तर डीव्ही पद्धत घ्या. तिला तासाला १३ जीबी पुरतात आणि दर्जाही समाधानकारक राहतो. थेट लहान एमपी४ बनवून मूळ टाकून देणे ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. बघायला, व्हॉट्सअॅपवर पाठवायला एमपी४ जरूर बनवा, पण मास्टरवरून.

चित्राच्या उभ्या रेघा नागमोडी दिसत असतील तर दोष पट्टीच्या वेगातल्या सूक्ष्म चढउताराचा असतो. टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र तो सावरते. ते महाग आहे, पण काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता आरपार नेला तरी बराच फरक पडतो. शूटिंगवाल्याकडे असा रेकॉर्डर असेल तर विचारा.

कॅप्चर चालू असताना संगणकाला दुसरे काम देऊ नका, स्लीप बंद करा, आणि यूपीएस लावल्याशिवाय सुरूच करू नका. तीन तासांची कॅसेट अडीच तास चालल्यावर वीज गेली की जुनी पट्टी आणखी एकदा हेडवरून न्यावी लागते, आणि दर वेळी तिची थोडी झीज होते. समोर बसून बघा. जिथे चित्र फाटते तो मिनिट कागदावर लिहा. शेवटी ओठ आणि आवाज जुळतात का ते तपासा. सुरुवातीला जुळून शेवटी मागे पडत असेल तर कॅप्चरमध्ये फ्रेम गळल्या आहेत.

एकाच पिक्चरच्या दोन-तीन कॅसेटी वेगवेगळ्या घरांत मिळाल्या तर त्या सगळ्या उतरवा. तुमच्या प्रतीत जिथे पांढरी रेघ आली आहे, तिथे दुसऱ्याच्या प्रतीत चित्र स्वच्छ असते. तीन प्रती फ्रेमला फ्रेम जुळवून मधली किंमत घेतली की बहुतेक डाग आपोआप गळतात. जळगावातल्या एकाने आणि धुळ्यातल्या एकाने मिळून करावे असे हे काम आहे.

व्हीसीडीची वेगळी तऱ्हा

खान्देशातला मोठा ठेवा व्हीएचएसपेक्षा व्हीसीडीवर आहे, आणि डिस्क टिकाऊ असते हा समज खोटा आहे. व्हीसीडीत चित्र ३५२ गुणिले २८८ मापाचे, एमपीईजी-१ पद्धतीचे, सेकंदाला ११५० किलोबिटांचे असते. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटे मावतात, म्हणून पिक्चर दोन-तीन डिस्कांत विभागलेला असतो. आधी सगळ्या डिस्का आहेत का बघा. दुसरी डिस्क हरवलेले संच फार दिसतात. अशा वेळी ओळखीपाळखीत, जुन्या बाजारात दुसऱ्या संचाचा शोध घ्या.

डिस्क संगणकात घातली की ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये ‘एव्हीएसईक्यू०१.डॅट’ अशा नावाच्या फाइल दिसतात. लोक त्या कॉपी करतात आणि ओरखडा आला की कॉपी थांबते. कारण असे की साध्या डेटा सीडीत चूक दुरुस्त करणारी जादा माहिती असते, तर व्हीसीडीच्या चित्राच्या भागात ती जागाही चित्रालाच दिलेली असते. म्हणून फाइल कॉपी करण्याऐवजी पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा, आणि तीही आयएसओ नव्हे तर बिन-क्यू प्रकारची. आयएसओत व्हीसीडीची रचना नीट येत नाही. वाचण्याचा वेग कमी ठेवा. एक ड्राइव्ह अडला तर दुसरा, तिसरा वापरून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येते.

डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसल्याने ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि मोठा सलग भाग वाचता येईनासा होतो. टूथपेस्टचा घरगुती उपाय करू नका. घरी ‘राइट’ केलेल्या, खालून निळसर-हिरवट दिसणाऱ्या डिस्का छापील डिस्कांच्या आधी हातात घ्या. त्यांतला रंग उन्हात उडतो. वर चिकटवलेले कागदी लेबल ओढून काढू नका, त्याबरोबर चकचकीत थरही निघतो.

मिनी-डीव्ही कॅसेट असेल, आणि २००० नंतरचे बरेच शूटिंग तिच्यावरच आहे, तर ती कॅमेऱ्याच्या फायरवायर जोडणीतून घ्या. ती मुळातच डिजिटल असल्याने बिट न बिट तशीच उतरते. यूएसबीने बहुतेक कॅमेरे कमी दर्जाचे चित्र देतात.

फाइलींचे नाव आणि जागा

फाइलला ‘न्यू व्हिडिओ ३’ असे नाव देऊन भागणार नाही. चित्रपट, वर्ष, भाषा, कॅसेट की व्हीसीडी, कितवी डिस्क, कोणत्या गावातून मिळाली, कॅप्चरची तारीख एवढे नावात आणि सोबतच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. खोक्याच्या दोन्ही बाजूंचा, डिस्कच्या तोंडाचा, आतल्या चिठ्ठीचा फोटो घ्या. छोट्या व्हिडिओपटांत कलाकारांची नावे कित्येकदा फक्त खोक्यावरच छापलेली असतात.

प्रती तीन हव्यात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. एक जळगावला तर एक धुळ्याला असे नातेवाइकांत वाटून घ्या. प्रत्येक फाइलचा एमडी५ किंवा शा-२५६ हॅश काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून बघा. एक अक्षर जरी बदलले असेल तरी फाइल बिघडल्याचे लगेच कळते आणि दुसऱ्या प्रतीवरून ती भरून काढता येते. मूळ कॅसेट मात्र फेकू नका. पुढे अधिक चांगले यंत्र हाती आले तर तिच्याकडेच परत जावे लागेल.

आता कात्री

हे सगळे झाल्यावर फेरसंकलनाची हौस जरूर करा. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि एव्हिसिंथसारखी साधने पुरेशी आहेत. एव्हिसिंथमधले क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेसचे काम इतके सुंदर करते की व्हीएचएसवरची हालचालही सुरळीत दिसते.

जुने हिंदी डबिंग ब्लू-रेच्या चित्रावर बसवताना एक अडचण हमखास येते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपला टीव्ही २५ चा. म्हणून पाल कॅसेटवर चित्रपट साधारण चार टक्के वेगाने पळतो. दोन तासांचा चित्रपट एक तास पंचावन्न मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. ब्लू-रेवर बसवण्याआधी आवाज तेवढा संथ करा, स्वरही आपोआप मूळ पट्टीत येतो. त्यानंतरही रीळ बदलण्याच्या जागी, सेन्सॉरच्या कटाशी तुकडे सरकलेले असतात. ते कानाने जुळवावे लागतात, घाई करून चालत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे करणाऱ्या साधनांबाबत मी सावध राहायला सांगेन. व्हीसीडीतल्या ३५२ ठिपक्यांत चेहऱ्याची जी माहिती नाही ती हे साधन मनाने भरते. मग शफीक शेख यांच्या चेहऱ्याच्या जागी कुणा भलत्याच गुळगुळीत माणसाचा चेहरा येतो. जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘एलियन्स’ची ४के आवृत्ती २०२४ मध्ये आली तेव्हा अशाच मेणचट चेहऱ्यांबद्दल जगभरच्या चाहत्यांनी तक्रार केली, आणि तिथे तर मूळ निगेटिव्ह हाताशी होती.

कात्रीपेक्षाही उपयोगी एक काम सुचवतो. खान्देशी हिंदी-उर्दूतले, अहिराणीतले संवाद ऐकून त्यांची मराठी उपशीर्षके तयार करा. ती चित्रावर कोरू नका, वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये ठेवा. अहिराणी शब्द ऐकू येतो तसाच लिहा, जमेल तर घरातल्या वयस्कर माणसाला शेजारी बसवून.

फेरसंकलन केलेल्या प्रतीच्या सुरुवातीला पाटी हवी. मूळ कोणाचे, तुम्ही काय कापले, काय जोडले, आवाज कुठून घेतला. फाइलचे नावही निराळे ठेवा. वीस वर्षांनी कोणाच्या हाती फक्त तुमचीच प्रत लागली, तर मूळ कसे होते हे त्याला त्या पाटीवरूनच कळेल.

कायद्याच्या चौकटीत

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. त्यामुळे व्हिडिओच्या काळातले सगळेच अजून हक्काखाली आहे. खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी कायद्यात उचित वापराची सवलत आहे. फाइल इंटरनेटवर टाकणे, पेन ड्राइव्हवर भरून विकणे तिच्यात बसत नाही. व्यापारी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कलाकृतीची बिगरडिजिटल प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल नक्कल साठवण्याची मुभा कायदा देतो. व्हीएचएस कॅसेट ही बिगरडिजिटल प्रत आहे. म्हणून गावातल्या ग्रंथालयाला फक्त फाइल देऊ नका, कॅसेटही द्या.

स्थानिक व्हिडिओपटांच्या बाबतीत कायद्याआधी माणुसकी येते. मालेगाव काही दूर नाही. ज्यांनी हे पिक्चर काढले त्यांतले बरेच जण तिथेच आहेत. जाऊन भेटा, परवानगी मागा आणि तुमची उतरवलेली मास्टर फाइल त्यांना द्या. छोट्या पिक्चरवाल्यांकडे स्वतःच्याच कामाची चांगली प्रत नसणे हे सर्रास घडते. त्यांच्याकडून कळलेली नावे, जागा, वर्षे तुमच्या टेक्स्ट फाइलमध्ये घाला. चित्रपटाच्या फिल्मची डबडी सापडली तर ती घरी उघडत बसू नका. १९६४ मध्ये सुरू झालेल्या आणि पी. के. नायर यांनी वाढवलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा.

सुरुवात कधी करावी? पावसाळ्यात कॅसेट उघडू नये, हवा दमट असते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण तुळशीच्या लग्नापासून शूटिंगवाले हाती लागत नाहीत. पौषात मुहूर्त नसतात, खान्देशात थंडी असते, डेक आणि डेकवाला दोघेही मोकळे असतात. तोवर माळ्यावरच्या कॅसेटी खाली आणून, टॅब तोडून, यादी करून ठेवा. त्याला डेकही लागत नाही आणि खर्चही नाही.